मुंबईत बॅडमिंटनची रॅकेट निवडताना: वजनापासून गटिंगपर्यंत

दुकानात रॅकेट मागितली की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असाच येतो आणि मग भिंतीवर टांगलेल्या चार-पाच रॅकेट समोर मांडल्या जातात. घेणारा रंग पाहतो, ती कोणता नामवंत खेळाडू वापरतो हे ऐकतो, हवेत दोनदा फिरवून बघतो आणि पैसे मोजतो. अशा रीतीने घेतलेली रॅकेट चांगल्या कंपनीची आणि महागही असू शकते, पण ती आपल्या हाताला साजेशी निघेलच असे नाही. किमतीचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी आपण कुठे खेळतो, कोणत्या शटलने खेळतो, आपले मनगट किती वेगाने फिरते आणि गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा ओढून बसवण्याचे काम, किती ताणाने करून घेणार आहोत, या चार गोष्टी ठरलेल्या असाव्यात. हा लेख आठवड्यातून दोन-चार दिवस हौसेने खेळणाऱ्यांसाठी, आणि शाळा-कॉलेजानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा कोर्टवर उतरणाऱ्यांसाठी आहे. स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या खेळाडूने आपल्या प्रशिक्षकाचे ऐकावे, कारण त्याच्या खेळातले बारकावे प्रशिक्षकाला प्रत्यक्ष दिसत असतात.

पहिली पायरी: आपले कोर्ट कोणते

मुंबईत बॅडमिंटन दोन अगदी वेगळ्या जागी खेळले जाते. एक म्हणजे सोसायटीच्या आवारात, दोन इमारतींच्या मधल्या सिमेंटच्या जागेवर, रात्री जेवणाआधी, नायलॉनच्या फुलाने, म्हणजे शटलने. दुसरी जागा बंदिस्त हॉलची: विलेपार्ल्याचे प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल, अंधेरीचे क्रीडा संकुल, ठिकठिकाणचे जिमखाने, आणि आता उपनगरांत तासाच्या भाड्याने मिळणारी खासगी कोर्टे. या दोन जागांची गरज इतकी वेगळी आहे की एकीसाठी योग्य असलेली रॅकेट दुसरीकडे वाया जाते.

सोसायटीत वारा असतो, उजेड अपुरा असतो आणि खाली पडणारे फूल उचलताना फ्रेम सिमेंटला घासते. कधी भिंत, कधी उभी केलेली गाडी मध्ये येते. दुहेरीत जोडीदाराच्या रॅकेटवर रॅकेट आपटणे तर नेहमीचेच आहे. इथे दहा हजारांची पातळ फ्रेम घेऊन उतरण्यात काही अर्थ नाही. मजबूत, मध्यम लवचीक आणि स्वस्त ग्रॅफाइटची रॅकेट घ्यावी, हेडच्या, म्हणजे तारा बसवलेल्या भागाच्या, वरच्या कडेला संरक्षक टेप लावावी आणि निश्चिंतपणे खेळावे.

हॉलमध्ये मात्र गणित बदलते. कोर्ट एका तासासाठी मिळते, भाडे वाटून घ्यायचे असते, त्यामुळे चार ते सहा जण मिळून ते घेतात आणि जवळजवळ सगळा खेळ दुहेरीचाच होतो. दुहेरीत फूल जाळीजवळून सपाट, वेगाने येते आणि रॅकेट छातीसमोर क्षणात आणावी लागते. एकेरीत मागच्या कोपऱ्यातून मोठा स्मॅश मारणाऱ्या खेळाडूच्या रॅकेटपेक्षा ही गरज निराळी आहे. जाहिरातींत दिसणाऱ्या नावाजलेल्या रॅकेटपैकी अनेक तशा ताकदीच्या एकेरी खेळासाठी बनवलेल्या असतात, हे लक्षात ठेवले तर पुढचे निर्णय सोपे होतात.

दुसरी पायरी: मुठीवरचा संकेत वाचणे आणि वजन ठरवणे

मूठ जिथे संपते आणि दांडा सुरू होतो तिथे प्लास्टिकची निमुळती टोपी असते. त्या टोपीवर किंवा तिच्या लगत दांड्यावर बारीक अक्षरांत ‘४यू जी५’ असा संकेत आणि ‘२० ते २८ पौंड’ अशी गटिंगच्या ताणाची मर्यादा छापलेली असते. रॅकेटविषयीची सर्वांत उपयोगी माहिती या दोन ओळींत असते आणि दुकानात बहुतेक जण त्या वाचतच नाहीत.

‘यू’ हा वजनाचा संकेत आहे आणि त्याच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. ३यू म्हणजे साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. ही वजने गटिंग न केलेल्या रॅकेटची असतात. गटिंगचे चार-पाच ग्रॅम आणि वरून गुंडाळलेल्या ओव्हरग्रिपचे साधारण तितकेच ग्रॅम त्यात आणखी मिळतात. पाच ग्रॅमचा फरक दुकानात उभे राहून जाणवत नाही, पण तिसऱ्या गेममध्ये खांदा भरून आल्यावर तो चांगलाच जाणवतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जड रॅकेटने फूल जोरात जाते, असे पुष्कळ जण मानतात. नियमांप्रमाणे पिसांच्या फुलाला १६ पिसे असतात आणि त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. इतकी हलकी वस्तू दूर पाठवायला रॅकेटच्या वजनापेक्षा तिच्या हेडचा वेग अधिक उपयोगी पडतो. जड रॅकेट ज्याला वेगाने फिरवता येते त्याला तिचा फायदा मिळतो. ज्याला येत नाही त्याचा फटका उशिरा बसतो आणि फूल जाळीत जाते. हौशी पुरुष आणि स्त्रिया या दोघांसाठीही ४यू हे वजन मी निःसंकोचपणे सुचवेन. खांद्याचे किंवा कोपराचे जुने दुखणे असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा खेळ नव्यानेच सुरू केला असेल तर ५यू घ्यावी. ३यू त्यांनी घ्यावी जे एकेरी अधिक खेळतात आणि ज्यांचा हात नियमित सरावाने तयार झालेला आहे.

लांबीचा विचार फारसा करावा लागत नाही. नियमानुसार रॅकेटची एकूण लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा आणि रुंदी २३० मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. मोठ्यांच्या बहुतेक रॅकेट ६७५ मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे ‘जास्त लांब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रॅकेटमधला फरकही काही मिलिमीटरांचाच असतो.

तिसरी पायरी: मूठ

‘जी’ हा मुठीच्या जाडीचा संकेत. योनेक्सच्या पद्धतीत ‘जी’पुढचा आकडा मोठा तितकी मूठ बारीक, आपल्याकडे बहुतेक जी४ आणि जी५ मिळतात. इतर कंपन्यांची मोजणी वेगळी असू शकते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून न पाहता मूठ प्रत्यक्ष हातात धरूनच ठरवावी. कोणाशी हस्तांदोलन करावे तशी रॅकेट सैल धरावी आणि बोटांची टोके व अंगठ्याखालचा फुगीर भाग यांच्यामध्ये थोडी फट राहते का, ते पाहावे. बोटे तळव्याला टेकत असतील तर मूठ फार बारीक आहे. बोटाएवढी फट राहत असेल तर ती जाड आहे, आणि अशा मुठीवर बोटांनी रॅकेट फिरवता येत नाही. बॅकहँडचा आणि जाळीजवळचा सगळा खेळ तर बोटांच्या या फिरवण्यावरच चालतो.

मुंबईच्या दमट हवेत मुठीचा विचार आणखी एका कारणाने करावा लागतो. इथे तासाभराच्या खेळात मूठ घामाने भिजते आणि कंपनीच्या मूळ ग्रिपवर कोणी फार काळ खेळू शकत नाही. ओव्हरग्रिप गुंडाळावीच लागते. म्हणून मूठ एक आकार बारीक घेणे शहाणपणाचे आहे, म्हणजे ओव्हरग्रिप घातल्यावर ती नेमकी होते. जी४ आणि जी५ यांत मन दोलायमान असेल तर जी५ घ्यावी. बारीक मूठ जाड करता येते. जाड मूठ बारीक करायची तर मूळ ग्रिप सोलून लाकडावर थेट ओव्हरग्रिप लावण्याखेरीज मार्ग नसतो. ज्यांना फारच घाम येतो त्यांनी टॉवेल ग्रिप लावून पाहावी. ती घाम चांगला शोषते, पण जाड असते, लवकर मळते आणि पावसाळ्यात कुबट वास धरते, त्यामुळे ती वारंवार बदलण्याची तयारी ठेवावी. डावखुऱ्या खेळाडूने ग्रिप उलट्या दिशेने गुंडाळून घ्यावी, नाहीतर खेळताना तिच्या कडा उचलल्या जातात.

चौथी पायरी: बॅलन्स

दोन रॅकेटचे वजन सारखे असूनही एक हातात हलकी आणि दुसरी जड लागते, याचे कारण बॅलन्स. रॅकेट बोटावर आडवी ठेवली असता ज्या बिंदूवर ती स्थिर राहते त्याचे मुठीच्या टोकापासूनचे अंतर म्हणजे तिचा बॅलन्स. कंपन्या तो मिलिमीटरमध्ये मोजतात. गटिंग नसलेल्या रॅकेटमध्ये तो ढोबळमानाने २८५ ते २९५ मिलिमीटरच्या दरम्यान असेल तर रॅकेट सम बॅलन्सची, त्याहून पुढे असेल तर हेडकडे जड आणि त्याहून मागे असेल तर हेडकडे हलकी समजली जाते.

हातोडी दांड्याच्या टोकाला धरून मारली तर घाव जोरात बसतो, पण ती चटकन वळवता येत नाही. हेड जड असलेल्या रॅकेटचे तसेच आहे. मागून मारलेला स्मॅश आणि लांब टॉस तिने चांगला जातो, पण सपाट, झटपट देवाणघेवाण सुरू झाली की ती मागे पडते. हेड हलके असलेली रॅकेट बचावात आणि जाळीजवळ चपळ असते, मात्र मागच्या रेषेवरून फूल पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत पोचवायचे तर सगळा जोर स्वतःच्या मनगटाचा लावावा लागतो. योनेक्सच्या अॅस्ट्रॉक्स मालिकेतल्या रॅकेट साधारणपणे पहिल्या प्रकारच्या, नॅनोफ्लेअर दुसऱ्या प्रकारच्या आणि आर्कसेबर समतोल अशी ढोबळ विभागणी ध्यानात ठेवली तर दुकानात निवड लवकर आटोपते. इतर कंपन्यांच्याही अशाच वेगवेगळ्या मालिका असतात आणि विक्रेत्याला विचारल्यास तो सांगू शकतो. न सांगता आला तर तो विक्रेता रॅकेट जाणत नाही, असे खुशाल समजावे.

हॉलमध्ये दुहेरी खेळणाऱ्या बहुतेकांनी सम बॅलन्सची किंवा हेडकडे किंचित जड असलेली रॅकेट घ्यावी. अगदी नवख्या खेळाडूला हेड थोडे जड असलेले सोपे जाते, कारण रॅकेट कुठे आहे हे त्याला हातात कळते आणि फटका पूर्ण फिरतो. बॅलन्सवर ग्रिपचाही परिणाम होतो, हे अनेकांना माहीत नसते. मुठीवर पाच ग्रॅमची ओव्हरग्रिप चढवली की बॅलन्सचा बिंदू जवळजवळ एक सेंटीमीटर मुठीकडे सरकतो. हेडकडे जड म्हणून घेतलेली रॅकेट दोन ओव्हरग्रिप गुंडाळल्यावर समतोल होऊन बसते, ती यामुळेच. तेव्हा दुकानात रॅकेट तपासताना आपल्या जुन्या रॅकेटवर असते तितकीच ग्रिप नव्या रॅकेटवर असावी, निदान तेवढा फरक मनात धरावा.

पाचवी पायरी: दांडा किती लवचीक

शाफ्ट, म्हणजे मुठीला आणि हेडला जोडणारा दांडा, कडक, मध्यम किंवा लवचीक असतो. फटका मारताना तो मागे वाकतो आणि फुलाला लागण्याच्या सुमारास सरळ होतो. हात वेगाने फिरणाऱ्या खेळाडूचा लवचीक दांडा वेळेत सरळ होत नाही, म्हणून त्याला कडक दांडा लागतो आणि त्यातून फूल नेमके जाते. ज्याचा हात हळू फिरतो त्याच्या हातात कडक दांडा मुळी वाकतच नाही. फटका कोरडा बसतो, फूल अर्ध्या कोर्टात पडते आणि त्याचा हादरा कोपरापर्यंत येतो.

हौशी खेळाडूंची सर्वाधिक फसगत याच पायरीवर होते, कारण महाग रॅकेट बहुधा कडक असतात. मध्यम लवचीक दांडा हाच बहुतेकांसाठी योग्य आहे. स्वतःची परीक्षा सोपी आहे. आपल्या कोर्टच्या मागच्या रेषेवर उभे राहून, फारसा जोर न लावता, समोरच्या मागच्या रेषेपर्यंत क्लिअर, म्हणजे उंच आणि लांब फटका, दहापैकी सात-आठ वेळा पोचत असेल तर कडक दांड्याचा विचार करावा. पोचत नसेल तर मध्यम किंवा लवचीक दांडाच घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. रॅकेट दोन्ही हातांनी धरून दुकानात वाकवून पाहणे हा तपासणीचा चांगला मार्ग नाही. त्याने नीट कळत काहीच नाही आणि जोर जास्त झाला तर नवी रॅकेट बिघडते.

फ्रेमविषयी थोडेसे

पूर्वी फ्रेम लाकडाची असे. १९५६ साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरलेले आणि १९६१ साली पहिल्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळालेले नंदू नाटेकर खेळत होते, तो हाच काळ. पावसाळ्यात फ्रेम वाकू नये म्हणून तेव्हा रॅकेट स्क्रू आवळलेल्या लाकडी चौकटीत दाबून ठेवत. आता तो प्रश्न उरलेला नाही. आज बाजारात पोलाद, अॅल्युमिनियम आणि ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन धाग्यांचे मिश्रण, असे तीन प्रकार दिसतात. यांतले पहिले दोन लहान मुलांच्या खेळण्यापुरते ठीक. हेड आणि दांडा जिथे मिळतात तिथे बाहेरून धातूचा इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा दिसत असेल तर ती रॅकेट स्वस्त गटातली आहे आणि तिच्यावर जास्त ताणाचे गटिंग करता येणार नाही, असे समजावे. हेडचा आकार आता जवळजवळ सगळीकडे वरून किंचित चौकोनी असतो. योनेक्सने १९९२ साली तो आणला आणि पुढे तो रूढ झाला. त्यामुळे त्यात निवडण्यासारखे काही नाही.

सहावी पायरी: गटिंग, ज्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे

फूल फ्रेमला लागत नाही, तारांना लागते. तरीही रॅकेटवर हजारो रुपये खर्च करणारा खेळाडू ‘कंपनीचे गटिंग आहेच ना’ म्हणून थांबतो. दोन हजारांच्या चांगल्या फ्रेमवर नीट केलेले गटिंग हे आठ हजारांच्या फ्रेमवरच्या सैल, जुन्या गटिंगपेक्षा निःसंशय चांगले खेळते. म्हणूनच पैसे वाटून खर्च करायचे असतील तर फ्रेमचे काही पैसे वाचवून ते गटिंगसाठी राखून ठेवावेत. स्वस्त रॅकेटवर कारखान्यातून येणारे गटिंग बहुधा सैल असते आणि दुकानात टांगून टांगून ते आणखी उतरलेले असते. शक्य असेल तिथे गटिंग नसलेली रॅकेट घेऊन आपल्यासमोर गटिंग करून घ्यावे.

तार किती जाड, हा पहिला निर्णय. योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटर जाडीची तार पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि टिकाऊपणासाठी आजही तिचे नाव घेतले जाते. बीजी ८० ही ०.६८ मिलिमीटरची, हाताला कडक लागणारी, तर बीजी ६६ अल्टिमॅक्स ही ०.६५ मिलिमीटरची, फूल झटकन उडवणारी. तार जितकी बारीक तितका फटक्याचा आवाज आणि उडी चांगली, पण ती तितकीच लवकर तुटते, विशेषतः फटका हेडच्या कडेला लागला की. नव्या खेळाडूचे फटके कडेला अधिक लागतात, त्यामुळे सुरुवातीला ०.७० मिलिमीटरचीच तार घ्यावी.

दुसरा निर्णय ताणाचा, आणि तो पौंडांत सांगितला जातो. गटिंग घट्ट केले की जोर वाढतो ही समजूत हॉलमध्ये सर्रास ऐकू येते, पण प्रत्यक्षात उलट घडते. सैल तारा फुलाच्या धक्क्याने आत दबतात आणि परतताना फुलाला ढकलतात. घट्ट तारा कमी दबतात, म्हणून फूल हवे तिथे जाते, पण जोर हाताला लावावा लागतो. शिवाय तारा घट्ट झाल्या की हेडच्या मधला चांगला लागणारा भाग लहान होतो आणि त्याच्या बाहेर लागलेला प्रत्येक फटका कोपराला हादरा देतो. नव्या खेळाडूला २० ते २२ पौंड, आठवड्यातून तीन-चार दिवस हॉलमध्ये खेळणाऱ्याला २२ ते २४ पौंड पुरतात. २६ पौंडांच्या पुढे जाण्याचे कारण हौशी खेळाडूला क्वचितच असते. नायलॉनच्या फुलाने खेळणाऱ्याने एखादा पौंड कमीच ठेवावा. टोपीवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये, कारण ती ओलांडून फ्रेम गेली तर कंपनी बहुतेक वेळा जबाबदारी घेत नाही.

तिसरी बाब गटिंग करणाऱ्या माणसाची. शक्य असेल तेव्हा समोर उभे राहून पाहावे. चांगल्या यंत्रावर हेड चहूबाजूंनी सहा ठिकाणी घट्ट धरलेले असते, म्हणजे तारांच्या ओढीने त्याचा आकार बिघडत नाही. दोनच टोकांना पकडणाऱ्या यंत्रावर ते लांबट किंवा रुंद होण्याची भीती असते. आधी उभ्या तारा मधून बाहेरच्या बाजूकडे जोडीजोडीने ओढल्या जातात, प्रत्येक तार ओढल्यावर चिमट्याने धरली जाते, आणि मग आडव्या तारा एकदा वरून, एकदा खालून अशा विणत नेल्या जातात. कारागीर घाईत असला की आडव्या तारा सरळ न करताच पुढची ओढतो; त्याची विण तिरपी दिसते आणि ताण जागोजागी वेगळा राहतो. काम झाल्यावर रॅकेट हातात घेऊन आडव्या तारा सरळ आहेत का, गाठी फ्रेमला घट्ट टेकल्या आहेत का, आणि बोटाच्या टिचकीने मधल्या भागात सगळीकडे सारखा आवाज येतो का, हे तपासावे. फ्रेमच्या भोकांमधल्या प्लास्टिकच्या नळ्या, ज्यांना ग्रोमेट म्हणतात, चिरलेल्या असतील तर त्या गटिंगआधीच बदलून घ्याव्यात, नाहीतर कार्बनची धारदार कड नवी तार पंधरवड्यात कापते.

तार तुटली की खेळ थांबवावा आणि उरलेल्या तारा लगेच कापून टाकाव्यात. मध्यापासून सुरुवात करून उभ्या आणि आडव्या तारा आलटून पालटून कापाव्यात. एका बाजूची ओढ गेली आणि दुसरी तशीच राहिली तर फ्रेम वाकडी होते, आणि बॅगेत पडून राहिलेल्या तुटक्या गटिंगमुळे फुकट गेलेल्या रॅकेट थोड्या नाहीत. तार तुटली नाही तरी तिचा ताण हळूहळू उतरत जातोच. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदलावे, हा जुना ठोकताळा हौशी खेळाडूला पुरेसा आहे.

सातवी पायरी: खरेदी

मुंबईत खेळाच्या साहित्याचा जुना बाजार धोबी तलावचा. मेट्रो सिनेमाच्या परिसरात ओळीने दुकाने आहेत आणि तिथे एकाच फेरीत बऱ्याच कंपन्यांच्या रॅकेट हातात घेऊन पाहता येतात. उपनगरांतही आता चांगली दुकाने झाली आहेत आणि काही हॉलमध्येच गटिंगची सोय असते. इंटरनेटवर किंमत कधीकधी कमी दिसते, पण मूठ आणि बॅलन्स हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पहिली रॅकेट दुकानातूनच घ्यावी. नेमका संकेत ठाऊक झाला की तीच दुसऱ्यांदा कुठूनही मागवता येते.

दुकानात जाताना आपली जुनी रॅकेट सोबत न्यावी. नवी रॅकेट डोळ्याच्या रेषेत धरून मुठीकडून हेडकडे पाहावे. हेड जराही पिळलेले दिसले तर ती बाजूला ठेवावी. फ्रेमवरून बोट फिरवून रंगाखाली केसासारखी चीर लागते का ते पाहावे. जुनी, वापरलेली रॅकेट विकत घेत असाल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करावी, कारण रंगाखालची चीर पुढच्या गटिंगच्या ओढीत हमखास उघडते. नामांकित कंपन्यांच्या नकली रॅकेट बाजारात पुष्कळ आहेत. होलोग्राम, टोपीवरचा आणि दांड्यावरचा क्रमांक, छपाईची सफाई हे सगळे पाहावेच, पण सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेणे. वरच्या गटातली रॅकेट अर्ध्या किमतीत मिळत असेल तर ती खरी असण्याची शक्यता फारच थोडी.

आता किमतीकडे येऊ. दोन ते चार हजारांच्या दरम्यान मिळणारी, पूर्ण ग्रॅफाइटची, ४यू जी५, सम बॅलन्सची, मध्यम लवचीक दांड्याची रॅकेट बहुसंख्य वाचकांना पुरेल. तिच्यावर वेगळे पैसे मोजून चांगले गटिंग करून घ्यावे. चार ते सात हजारांच्या गटात फ्रेमची घडण आणि फटक्याची नेमकी जाणीव सुधारते, आणि वर्षभर नियमित खेळलेल्याला तो फरक ओळखू येतो. त्याच्या वरचा खर्च हा बहुतांशी हौसेचा आहे; हौस असेल तर जरूर करावा, पण त्याने खेळ सुधारेल या अपेक्षेने करू नये.

लहान मुलांसाठी मात्र वेगळा विचार हवा. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांची रॅकेट दिली की ते ती मधोमध धरते किंवा दोन्ही हातांनी फिरवते, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. त्यांच्यासाठी आखूड रॅकेट मिळतात. साधारण दहा वर्षांपर्यंत त्या वापराव्यात आणि उंची वाढली की ५यू वजनाच्या पूर्ण लांबीच्या रॅकेटवर यावे.

पावसाळा, लोकल आणि रॅकेटची निगा

गर्दीच्या लोकलमध्ये रॅकेट पाठीवरच्या बॅगेतून बाहेर डोकावत असेल तर दारात चढताना तिच्यावर पडणारा दाब हेडला तिरपा बसतो. पूर्ण झाकणारे, आत जाड अस्तर असलेले कव्हर घ्यावे आणि गाडीत ते छातीसमोर धरावे. वरच्या फळीवर ठेवले तर दादरपर्यंत त्यावर चार बॅगा चढलेल्या असतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत रॅकेट ठेवू नये; उष्णतेने तारांचा ताण उतरतो.

जून ते सप्टेंबर या काळात खेळून आल्यावर रॅकेट बॅगेतून काढून पंख्याखाली ठेवावी. ओली ग्रिप बंद बॅगेत राहिली की दोन दिवसांत तिला बुरशी धरते आणि ओल मुठीच्या लाकडात मुरते. त्या महिन्यांत ओव्हरग्रिप पंधरा दिवसांनी बदलावी. ही ग्रिप फार महाग नसते, आणि निसटणारी रॅकेट घट्ट धरून ठेवण्याच्या नादात मनगट आणि कोपर दुखावणे त्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

पहिला महिना

नवी रॅकेट हाताला बसायला काही दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या दोन खेळांवरून निर्णय घेऊ नये. महिनाभराने काही खटकत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मूठ सरकत असेल तर आधी ग्रिप बदलावी. फूल मागेपर्यंत पोचत नसेल तर पुढच्या गटिंगला एक पौंड कमी करावा, आणि ते सारखे रेषेबाहेर जात असेल तर एक पौंड वाढवावा. बचावात उशीर होत असेल तर मुठीवर एखादी ओव्हरग्रिप वाढवून बॅलन्स मागे आणून पाहावा. गटिंग केल्याची तारीख, तार आणि पौंड कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी कारागिराला अंदाजाने सांगावे लागत नाही. एवढे करून जमली तर त्याच संकेताची, त्याच तारेने आणि त्याच ताणाने गटिंग केलेली दुसरी रॅकेट जोडीला घ्यावी, म्हणजे तासाच्या मध्येच तार तुटली तरी उरलेला खेळ अनोळखी रॅकेटने खेळावा लागणार नाही.